गव्हर्नरचं जहाज

भूकंपानंतरच्या त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांत आधी जागी व्हायची ती देवघरातली घंटा. देवघर म्हणजे फ्रिजशेजारच्या कपाटाचा वरचा कप्पा. आईने तिथे एका हुकाला लहानशी पितळी घंटा टांगली होती. जमिनीतून माणसाला न कळणारी पहिली थरथर आली की ती एकदाच, नख लागल्यासारखी वाजे. मग छताच्या दिव्याची ओढायची दोरी झुलू लागे, बाबांच्या फोनमधला इशाऱ्याचा आवाज सुरू होई, आणि शेवटी इमारत हले. सगळं थांबलं की तळमजल्यावरून म्हाताऱ्या मोरी-सानांची हाक येई, "दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहात ना? माझी धाकटी बहीण ऋचा जिन्याच्या कठड्यावरून ओणवून तेवढ्याच जोरात उत्तर देई, "दाइजोबु!" हा सवालजवाब दिवसातून अनेकदा व्हायचा. उत्तर देण्याआधी ऋचा घरात कधीही वळून बघत नसे, हे माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आलं.

आम्ही तोक्योच्या पूर्वेला, फुनाबोरीत राहत होतो. बाबा मुंबईच्या एका बँकेच्या तिथल्या शाखेचे प्रमुख होते. मी सतरा वर्षांची होते आणि तिथल्याच शाळेत शिकत होते, त्यामुळे घरात जपानी नीट येणारी मोठी व्यक्ती मीच. ऋचाला जपानी माझ्याहून चांगलं येई, पण ती आठ वर्षांची होती आणि जे बोलायचं नसेल तेच बोलायची. शहर अर्ध्या उजेडात चाललं होतं. स्टेशनातले सरकते जिने बंद, कोंबिनी म्हणजे कोपऱ्यावरचं चोवीस तासांचं दुकान, त्यातले निम्मे दिवे काढलेले. फळ्यांवर पाणी नाही, दूध मोजकं, दही अजिबात नाही. दह्याचं आईला विशेष वाटलं नाही, कारण तिचं विरजण मुंबईहून आलेलं होतं आणि आमच्या तिथल्या सगळ्या वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं. पण उत्तरेकडच्या अणुभट्टीतून गळती होत होती, आणि दुधाबद्दल टीव्हीवर रोज वेगळं सांगत. आई पातेलं गॅसवर ठेवून बातम्या पुऱ्या होईपर्यंत हातात काडेपेटी धरून उभी राही, आणि मग पेटवी. घरातल्या सगळ्या बादल्या भरलेल्या असत. संध्याकाळी पाच वाजता वॉर्डाच्या लाउडस्पीकरवर मुलांना घरी बोलावणारी धून वाजे. ती भूकंपाआधीही वाजायची, पण आता धून संपल्यावर सगळी गल्ली क्षणभर थांबे, कारण तिच्यामागून काही सूचना येईल असं प्रत्येकाला वाटे. बहुतेक वेळा काहीच येत नसे. कधी एक बाई शांत आवाजात सांगे की काळजीचं कारण नाही. पुढे वर्तमानपत्रात काम करताना मला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं की हे वाक्य कोण म्हणालं ते लिहिल्याशिवाय छापायचं नाही.

आमच्या भागातल्या मराठी घरांत ते वाक्य बाबा म्हणत. ते मंडळाचे अध्यक्ष होते, वयाने सगळ्यांत मोठे होते, आणि बँकेचा माणूस म्हणून त्यांना आतली माहिती असणार असा लोकांचा समज होता. तशी ती नव्हती. ते रोज इंग्रजी पेपर वाचत, ऑफिसातल्या जपानी सहकाऱ्यांना विचारत आणि जेवताना येणाऱ्या फोनना उत्तरं देत. बाकीच्या देशांचे लोक विमानं भरभरून चालले होते. मुंबईच्या हेड ऑफिसने आम्हा तिघींची तिकिटं काढायला सांगितलं होतं, आणि बाबांनी कळवलं होतं की गरज नाही. फोनवरचं त्यांचं बोलणं मला पाठ झालं होतं. "हे बघा, वारं समुद्राकडे आहे. आणि समजा तसं काही असतं, तर मी माझ्या मुलींना ठेवलं असतं का? याहून मोठं सर्टिफिकेट काय हवं तुम्हाला?" मग पलीकडचा माणूस हसे, बाबाही हसत, आणि फोन ठेवून ते थंड आमटीत भात कालवत.

"आम्ही तुमचं सर्टिफिकेट का?" आईने एकदा विचारलं.

"शब्दात पकडू नकोस गं. आपण गेलो तर उद्या सगळे जातील. शाखेत बारीकशी कुजबुज झाली की जपानी स्टाफ काय म्हणेल? साहेबाने आधी स्वतःची बायकामुलं बाहेर काढली."

"म्हणू देत की."

"तू समजून घेत नाहीस."

"समजतंय अहो. म्हणून तर विचारतेय."

रविवारी बाबा आम्हा दोघी बहिणींना घेऊन निशी-कासाईच्या भारतीय किराणा दुकानात जात. पूर्वी ते काम आई करी. आता बाबा ऋचाचा हात धरून, शक्यतो मोठ्या रस्त्याने, भेटेल त्याच्याशी थांबून बोलत जात. पोह्यांचं एक पाकीट घ्यायला आम्हाला अर्धी सकाळ लागे. त्या वर्षी पाडव्याचा कार्यक्रमही त्यांनी रद्द होऊ दिला नाही. आमच्या बाल्कनीत गुढी उभी होती. कडुनिंब तिथे मिळत नसे, म्हणून आईने तुळशीचा तुरा बांधला होता. नैवेद्य दाखवताना धक्का आला, आणि काठीवर पालथा घातलेला तांब्याचा गडू कडकड वाजू लागला. जमलेली माणसं त्याकडे बघत राहिली. "वाजतोय म्हणजे घट्ट बसलाय," बाबा म्हणाले, आणि लोक हसले. सगळ्यांत जोरात हसला तो पेठे. हा तोयोसुच्या एका उंच इमारतीतल्या कंपनीत इंजिनीअर होता. वय तिशीच्या आतलं, बाबांना 'सर' म्हणायचा. त्याच्या बायकोला सातवा महिना चालू होता. त्याच दिवशी श्रीखंड वाढून घेताना त्याने सांगितलं, "सर, तुमच्या भरवशावर आमची दोघांची तिकिटं परत करून टाकली." बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आईने त्याच्या बायकोकडे बघितलं. ती खाली, ताटाकडे बघत होती.

मोरी-सान आमचे घरमालक होते. नव्वदीला टेकलेले, ताठ, एकटे. आम्ही राहायला आलो तेव्हा आईने बाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या दारात परत आणून ठेवली होती: प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या, झाकणं आणखी वेगळी, सगळं स्वतः लावून. आईला इतकी लाज वाटली की तिने त्यांना थालीपीठ नेऊन दिलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी थालीपीठ खाली जात असे. ते तरुणपणी लष्करात होते एवढंच आम्हाला माहीत होतं. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ते वर आले, उंबऱ्याशीच थांबले आणि मला म्हणाले की त्यांच्याकडे एक डच बाई येणार आहेत, मी दुभाषी म्हणून बसेन का? युद्धात समोरासमोर आलेल्या माणसांच्या गाठी घालून देणारी एक संस्था होती. त्यांनी भूकंपामुळे सगळी सहल रद्द केली. दुभाषीही त्यांचाच होता. पण ही बाई एकटी निघाली होती. "मला इंग्रजी यायचं," मोरी-सान म्हणाले. "युद्धात कैद्यांच्या छावणीत मी हेच दुभाष्याचं काम करायचो. नंतर मी ती भाषा बोललो नाही. आता तोंडात येत नाही."

त्यांनी तेव्हा सांगितलं ते असं. दुसऱ्या महायुद्धात जपानने डचांची पूर्वेकडची बेटं, म्हणजे आजचा इंडोनेशिया, घेतली, तेव्हा तिथल्या एका मोठ्या बेटाचा डच गव्हर्नर कैदी म्हणून फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, नेला गेला. त्या छावणीत मोरी-सान पहारेकरी आणि दुभाषी होते, वयाने माझ्याहून थोडेसेच मोठे. गव्हर्नर तिथेच वारला. येणारी बाई त्याची मुलगी. तिने एकच गोष्ट विचारण्यासाठी इतक्या वर्षांनी भेट मागितली होती, आणि काय विचारायचंय ते आधी कळवलं नव्हतं.

ज्या आठवड्यात नारिताहून निघणाऱ्या विमानात जागा मिळत नव्हती, त्या आठवड्यात ती जवळजवळ रिकाम्या विमानातून आली. मोरी-सानांच्या घरात धक्क्यांनी कपाट पडलं होतं, म्हणून भेट आमच्याकडे ठरली. शनिवारची दुपार होती. आईने शिरा केला होता, बाबांनी टाय लावला होता. बाईंचं नाव हेंड्रिका. वय ऐंशीला आलेलं, उंच, हातात काठी, पायांत सहज काढता यावेत म्हणून मुद्दाम घेतलेले सपाट जोडे. मोरी-सान भिंतीशी उभे होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोरी-सानांनी वाकायला सुरुवात केली आणि बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते अर्धवट वाकलेल्या स्थितीतच राहिले, मग सावकाश सरळ झाले. मला ते विचित्र वाटलं, पण त्या देशात विचित्र वाटलेल्या पुष्कळ गोष्टी मी तेव्हा सोडून देत असे.

पुढची चूक आमच्या घराने केली, आणि ती आमच्यासारख्यांच्याच घरात होऊ शकते. घरात म्हातारं माणूस आलं की आईच्या तोंडून जे आपोआप निघे, ते निघालं. "अगं पोरींनो, बघत काय बसलात? आजींना नमस्कार करा." माझ्या हातात ट्रे होता. ऋचा मात्र पळत आली आणि नेहमीसारखी पटकन, पार कपाळ पावलांना टेकेपर्यंत बाईंच्या पायांवर वाकली.

बाई ओरडल्या. मागे सरकताना त्यांचा धक्का टेबलाला लागला, चहा सांडला. त्या इंग्रजीत ओरडल्या नाहीत, डचमध्येही नाही. "नाओरे!" असं त्या म्हणाल्या. लष्करी कवायतीतला हुकूम आहे तो: वाकून झालं, सरळ व्हा. आणि तो ऐकताच पलीकडे भिंतीशी नव्वदीचे मोरी-सान टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले. ऋचा अजून जमिनीवर होती. खोलीत कुणीच हललं नाही. मग आईने जाऊन ऋचाला उचललं आणि बाईंना खुर्चीत बसवलं. "सॉरी, व्हेरी सॉरी," ती म्हणत राहिली. "अवर कस्टम."

मग बाई इंग्रजीत बोलल्या. त्यांना जपानी भाषेतले एवढेच शब्द येत होते: सावधान, वाका, सरळ व्हा, आणि एकपासून पुढचे आकडे. बायका-मुलांच्या छावणीत सकाळ-संध्याकाळ हजेरी होई तेव्हा ठरलेल्या कोनात वाकायचं, आणि 'नाओरे' ऐकू येईपर्यंत वर यायचं नाही. त्यांच्या आईची पाठ धरलेली होती. तिला पुरेसं वाकता येत नसे, म्हणून मार बसे. "मी मनातल्या मनात तो शब्द म्हणायची," त्या ऋचाकडे बघत म्हणाल्या. "मी म्हटला की तो लवकर येईल असं वाटायचं. मीही तुझ्याएवढीच होते." मी हे जपानीत सांगितलं. मोरी-सानांनी मान हलवली नाही. ती छावणी त्यांची नव्हती, ते हजारो मैल दूर होते, हे बाईंना माहीत होतं. दोघांपैकी कुणीही ते बोलून दाखवलं नाही.

मग त्यांनी वडिलांबद्दल सांगितलं. टेकडीवरचा पांढरा बंगला, चारी बाजूंनी व्हरांडा, रविवारी भाताभोवती वाट्याच वाट्या मांडलेलं लांबलचक जेवण. युद्ध जवळ येऊ लागलं तसं बंगल्यात काहीही बदलायचं नाही असा गव्हर्नरचा हुकूम सुटला. टेबलावर पांढरी चादर रोज. पडदे रोज धुतलेले. जपानी विमानं बंदरावर पहिल्यांदा येऊन गेली त्या दिवशीही जेवणं ठरल्या वेळी झाली; बाईंना आठवतं ते एवढंच की सूपमध्ये छताचा चुना पडला होता आणि वडिलांनी तो चमच्याने बाजूला सारून सूप संपवलं. रोज सकाळी ते कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख करून मुलीचा हात धरत आणि बाजारातून पायी फिरत. पूर्वी ते कधी बाजारात गेले नव्हते. फळं घेत, भाव विचारत, थांबून बोलत. "मला वाटायचं, त्यांना माझ्याबरोबर फिरायला आवडतं," बाई म्हणाल्या. "मी लोकांना दिसावी म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं, हे मोठेपणी कळलं. गव्हर्नरची मुलगी अजून इथे आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही."

बाबा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती सांडलेला चहा पुसत होती, आणि तो केव्हाच पुसून झाला होता.

बंदरातून बायका-मुलांना घेऊन एक शेवटचं जहाज ऑस्ट्रेलियाला निघालं. गव्हर्नरच्या बायको-मुलीसाठी केबिन राखलेली होती. ट्रंका भरून व्हरांड्यात आणल्या होत्या. गव्हर्नरने त्या परत खोलीत नेऊन ठेवायला सांगितलं. पुढे बेट पडलं, बाप एकीकडे गेला, आई आणि मुलगी दुसरीकडे. शेवटच्या वर्षी छावणीत आई गेली. "मला एकच विचारायचंय," बाई मोरी-सानांना म्हणाल्या. "आम्हाला ठेवून घेतल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं का?"

मी भाषांतर केलं. मोरी-सानांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. दुभाष्याने बोलणाऱ्याच्याच तोंडून, 'मी' म्हणून बोलायचं असतं, हे त्यांनीच मला आदल्या दिवशी शिकवलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं बोलताना माझ्या तोंडी 'मी' होतं, आणि ते इंग्रजी आई-बाबा दोघांनाही कळत होतं.

"हो," मी म्हणाले. "रोज. पहिल्या दिवसापासून ते मला एकच विचारत. दार उघडलं की आधी तेच. ते जहाज पोचलं का? मला माहीत नव्हतं. कुणाला माहीत असणार? मी म्हणे, माहीत नाही. ते जेवत नसत. रात्री भिंतीशी बोलत. इतर डच कैदी त्यांच्याशी बोलणं टाळत, कारण त्यांच्या भरवशावर या लोकांच्याही बायका मागे राहिल्या होत्या. हिवाळा आला. मी एकवीस वर्षांचा होतो. मला त्यांची दया आली. एके दिवशी त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं, बुडालं. आमच्या पाणबुडीने बुडवलं, कुणी वाचलं नाही." मी थांबले. मोरी-सान थांबले नाहीत, म्हणून मलाही पुढे बोलावं लागलं. "मग त्यांनी माझा हात धरला. त्या दिवशी ते जेवले. बाकीच्यांनाही त्यांनी ते सांगितलं, आणि ते लोक पुन्हा त्यांच्याशी बोलू लागले. त्यानंतर त्यांनी मला परत कधी विचारलं नाही. आजारी पडले तेव्हाही नाही. ते समाधानाने गेले. हे तुम्हाला सांगता यावं म्हणून मी भेटायला हो म्हटलं."

देवघरातली घंटा वाजली. दिव्याची दोरी झुलली. इमारत थोडी हलली आणि थांबली. मोरी-सान खाली नव्हते, त्यामुळे कुणीही कुणाला विचारलं नाही.

"जहाज पोचलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या वर्गातली एक मुलगी त्यात होती. अजून आहे ती, पर्थला. नाताळला फोन करते." मग काठीची मूठ चाचपत त्या म्हणाल्या, "म्हणजे वडील समाधानाने गेले. माझी आई तशी गेली नाही. आम्हाला ठेवून घेतल्याचा विचार कुणीतरी एकाने तरी शेवटपर्यंत करायला हवा होता. त्यांनी सोडला म्हणून मला करावा लागला."

मी हे मोरी-सानांना सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी खाली मान घातली, पण वाकले नाहीत.

तेवढ्यात बाबा बोलले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. घसा खाकरून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "मॅडम, पण त्यांच्या जागी दुसरं काय करता आलं असतं? घरच्यांना पाठवलं असतं तर गावात घबराट झाली असती."

"हो, झाली असती," बाई म्हणाल्या. "लोकांनी आपापली मुलं घेऊन बंदराकडे धाव घेतली असती. तुम्हाला माहीत आहे का, ते जहाज अर्धं रिकामं गेलं."

बाई निघाल्या तेव्हा आईने वाटीतलं दही चमच्याने त्यांच्या तळहातावर घातलं. हे काय, असं त्यांनी विचारलं. आई इंग्रजीत म्हणाली, लांब जाणाऱ्याला आम्ही देतो, सुखरूप पोचावं म्हणून. बाईंनी ते चाटून खाल्लं, हात रुमालाला पुसला आणि आईचा हात थोडा वेळ धरून ठेवला. मोरी-सान त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेले. मी वरून बघत होते. दोघं टॅक्सीशी उभी राहिली; काही बोलली असतील तर दुभाष्याशिवाय बोलली. टॅक्सी वळल्यावर ते रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून वाकले आणि मला वाटलं त्याहून खूप जास्त वेळ तसेच राहिले. त्यांना सरळ व्हा म्हणायला तिथे कुणी नव्हतं.

आईने शिऱ्याच्या वाट्या विसळल्या. पाचची धून वाजली. ती संपल्यावर बाबांनी हेड ऑफिसच्या माणसाला घरी फोन लावला आणि तिघींची तिकिटं काढायला सांगितली. मग बराच वेळ फोन हातात धरून ते बाल्कनीत उभे राहिले, आणि त्यांनी पेठेला फोन केला. त्यांचा आवाज त्याआधी इतका हळू ऐकल्याचं मला आठवत नाही.

"पेठे, मी घरच्यांना पाठवतोय. नाही, नवीन काही कळलेलं नाही. तेच तर सांगतोय, मला काहीच कळलेलं नाही. आधीही कळलेलं नव्हतं. तुम्ही तुमचं ठरवा. माझ्या बोलण्यावर जाऊ नका."

पलीकडून पेठे काय म्हणाला ते बाबांनी फोन ठेवल्यावर आईला सांगितलं. बायकोच्या डॉक्टरांनी दोनच दिवसांपूर्वी विमानाला नाही म्हटलं होतं. रक्तदाब वाढला होता. तिकिटं परत केली नसती तर त्याआधीच्या मंगळवारी ती दोघं पुण्यात पोचली असती.

"रागावला का?" आईने विचारलं.

"नाही ना," बाबा म्हणाले. "म्हणाला, सर, तुम्ही आहात ना इथे, मग ठीक आहे."

आम्ही निघालो त्या सकाळी आईने ऋचाच्या आणि माझ्या हातावर दही घातलं, मग स्वतःच्या. बाबांनी नकळत हात पुढे केला होता. आई क्षणभर चमचा धरून थांबली. "तुम्ही कुठे जाताय?" ती म्हणाली. रागाने नाही. मग तिने वाटीवर झाकण ठेवलं, विरजण कसं लावायचं ते त्यांना पुन्हा एकदा सांगितलं, आणि आम्ही जिना उतरलो. मोरी-सान दारात उभे होते. ऋचाने त्यांना विचारलं, "दाइजोबु?" नेहमी ते विचारत, ती उत्तर देई. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आम्ही परत गेलो नाही. बाबांची बदली पुढच्या वर्षी झाली, आणि मोरी-सान त्या हिवाळ्यात गेल्याचं आम्हाला पत्राने कळलं.

पेठेचा मुलगा जूनमध्ये तिथेच झाला. वजन चांगलं होतं, सगळं व्यवस्थित होतं. तोक्योला काहीही झालं नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. बाबा बरोबर ठरले, असं मंडळातले लोक पुढे कितीतरी वर्षं म्हणत. बाबा मात्र विषय बदलत. त्या मुलाच्या वाढदिवसाला ते न चुकता फोन करत. शुभेच्छा शेवटी देत. आधी विचारत, "बरा आहे ना?" आणि पेठे हसून म्हणे, "एकदम मस्त, सर." फोन ठेवल्यावर ते थोडा वेळ तिथेच उभे राहत. पुढे ते वर्षातून दोनदा करू लागले. मुलाला साधा ताप आल्याचं कळलं तरी तो उतरेपर्यंत त्यांना जेवण जात नसे.

आता बाबांना फारसं आठवत नाही. आम्ही पुण्यात राहतो. आई आणि मी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसतो. पेठेंशी आमचा संबंध गेल्या काही वर्षांत सुटला. ती मंडळी कावासाकीला राहायला गेली एवढं कानावर होतं, मग तो नंबरही बंद झाला. बाबांना माझं नाव काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. पण सकाळी मी खोलीचा पडदा सरकवला की ते माझ्याकडे मान वळवतात आणि विचारतात, "पेठेचा मुलगा बरा आहे ना?"

मी ज्या कामात आहे त्यात खात्री केल्याशिवाय एक ओळही पुढे जाऊ द्यायची नसते, आणि माझ्या हातून सहसा गेलीही नाही. तो मुलगा आता पंधरा वर्षांचा असेल. एक-दोन ठिकाणी विचारलं तर पत्ता लागेल. मी विचारलेलं नाही.

"बरा आहे, बाबा," मी म्हणते. मग ते चहा घेतात.